हॉर्नवरची फौजदार

"सर, तुमी खरं बोललातच कशाला?"

स्टाफरूमच्या दारात उभी राहून पोरगी ओरडत होती. ओरडत म्हणजे कशी, तर बाहेर लिंबाखाली झोपलेलं कुत्रं उठून दुसऱ्या लिंबाखाली गेलं. इतिहासाच्या तासाची पोरं खिडकीला येऊन चिकटली. तिघंचौघं होती, म्हणजे वर्ग खचाखच भरलेला होता. आणि मागच्या रुळावरून एक मालगाडी चालली होती, ती आवाज ऐकून जरा हळू झाली, हे मी कुणाच्याही समोर सांगायला तयार आहे.

"एवढ्या वर्षांत तुमी कुणाबद्दल खरं बोललात का? एकाबद्दल तरी? मग माझ्याच बारीला काय झालं तुमाला?"

मी म्हणालो, बस. ती बसली नाही. मी म्हणालो, पाणी घे. तिनं घेतलं नाही. आमचा शिपाई ते पाणी स्वतः पिऊन शांतपणे ऐकत उभा राहिला. पोरगी आमचीच माजी विद्यार्थिनी, राहणार पेडगावची, आमच्याकडून बीए झालेली. त्या थंडीत फौजदारकीची परीक्षा पास झालेली. सगळी परीक्षा: लेखी, मैदान, मुलाखत, सगळं. आणि तिचं म्हणणं असं की मी प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात "ही फौजदार झाली" असं जाहीर केल्यामुळं तिचं आयुष्य उद्ध्वस्त झालं.

तिचं म्हणणं बरोबर होतं. ते का बरोबर होतं, हे समजायला आमचं कॉलेज माहीत पाहिजे.

आमचं कॉलेज लहान आहे. कला शाखा ही एकच शाखा. विज्ञानाला प्रयोगशाळा लागते, वाणिज्याला पोरं लागतात, कलेला काहीच लागत नाही, असं संस्थेच्या पहिल्या अध्यक्षांचं मत होतं आणि इमारत त्या मताला धरून बांधलेली आहे. वर पत्रे, मागं रेल्वेचा रूळ, पुढं बाजार. गाडी जाताना तास थांबतो. परभणीकडच्या गाड्या उशिरा धावायला लागल्यापासून आमचा अभ्यासक्रम कधीच वेळेत पूर्ण झालेला नाही, आणि याचा खुलासा विद्यापीठानं अजून मागितलेला नाही. मी इथंच शिकलो आणि इथंच मराठी शिकवतो. तासिका तत्त्वावर. म्हणजे तास झाला तर मी प्राध्यापक, नाही झाला तर माजी विद्यार्थी.

या कॉलेजाला एक दस्तूर आहे, जो दुसऱ्या कुठल्या कॉलेजाला असल्याचं मी ऐकलं नाही. झेंड्याच्या दिवशी, राष्ट्रगीत झालं की, माजी विद्यार्थ्यांची वार्ता सांगतात. कोण कुठं लागलं, कुणाला बढती मिळाली, कुणाचं लग्न झालं. पत्र्यांवर एक हॉर्न, म्हणजे भोंगा, आहे आणि त्याचं तोंड बाजाराकडं आहे. पूर्वी ते शेतांकडं होतं, पण आवाजानं हरभरा घाटे धरीना अशी तक्रार आली म्हणून फिरवलं. तेव्हापासून बाजार चहा पीत वार्ता ऐकतो. आणि कित्येक वर्षं ही वार्ता सांगायचं काम माझ्याकडं होतं, कारण माझा आवाज हॉर्न नसतानाही पूर्णेपर्यंत जातो.

आता माझ्यापुढं अडचण काय होती ते बघा. माजी विद्यार्थी आमचे, नोकऱ्या त्यांच्या. जे घडलं तेवढंच सांगायचं म्हटलं तर वार्ता राष्ट्रगीतापेक्षा लवकर संपायची. मग मी प्रत्येकाला थोडा हात देत गेलो. एकजण पुण्यात कंपनीच्या गेटावर बसायचा, त्याला मी "औद्योगिक सुरक्षेत वरिष्ठ पदावर" नेला. एकजण नांदेड रोडला उसाचा रस विकायचा, तो "साखर उद्योगात" गेला. एक जोडपं ऊसतोडीला कर्नाटकात जायचं, त्यांच्या नावापुढं मी "आंतरराज्य कृषी प्रकल्प" लावला, आणि त्या बाईनं परत आल्यावर मला स्टँडवर गाठून विचारलं की सर, त्या प्रकल्पात सावली असती का. मी म्हणालो, असती. ती म्हणाली, मग तिकडंच पाठवा.

बाजारही काही दुधखुळा नव्हता. दोनचार वर्षांत बाजारानं माझा भाव ठरवून टाकला. चौकात एक हॉटेलवाला आहे, बारावीपर्यंत आमच्याकडंच होता. तो वार्तेच्या दिवशी भट्टीजवळ उभा राहून दुभाष्याचं काम करायचा. हॉर्न बोलायचा, लोक विचारायचे, "म्हणजे?" आणि तो झारा न थांबवता उतरवून सांगायचा. सहायक अभियंता? म्हणजे वायरमनच्या हाताखाली. उद्योजक? म्हणजे टपरी. परदेशी रवाना? म्हणजे हैदराबाद. नियम साधा होता: सर म्हणतील त्याच्या दोन पायऱ्या खाली. आणि बाईमाणूस असेल तर आणखी एक. ही आणखी एक पायरी कुठून आली, हे मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, ती पहिल्यापासूनच हाय.

असं सगळं बराबर चाललं होतं. मी वर चढवायचो, बाजार खाली उतरवायचा, आणि मधे कुठंतरी खरी गोष्ट सुखरूप घरी पोचायची. या धंद्यात कुणाचं नुकसान झाल्याचं मला आठवत नाही.

त्या वर्षी नवीन प्राचार्यबाई आल्या. बाहेरगावच्या. कॉलेजला श्रेणी द्यायला बाहेरून समिती येणार होती, तिच्यासमोर सगळं स्वच्छ पाहिजे म्हणून त्यांनी आधी संडास, मग माठ आणि मग माझी वार्ता स्वच्छ करायला घेतली. मला बोलावून म्हणाल्या, यंदा वस्तुनिष्ठ. एकही शब्द फुगवायचा नाही. मी म्हणालो, बाई, लोकांना सवय नाही. त्या म्हणाल्या, लागेल. आणि झेंड्याच्या दिवशी माझ्याशेजारी माईकच्या बटनावर बोट ठेवून उभ्या राहिल्या.

मी वस्तुनिष्ठ बोललो. आयुष्यात पहिल्यांदा. गेटावर बसणाऱ्याला "वॉचमन" म्हणालो. बाजारानं दोन पायऱ्या उतरवल्या आणि संध्याकाळी बायका त्याच्या आईला धीर द्यायला गेल्या, की जामीन होईल, काळजी करू नको. "किराणा दुकान टाकलं" म्हणालो, त्याच्याकडं दुसऱ्या दिवशी लोक वजनकाटा मागायला आले, आता तुला लागणार न्हाई म्हणून. "दोघंही पुण्यात सुखात आहेत" असं ज्यांच्याबद्दल म्हणालो, त्यांचं फारकतीचं कुठवर आलं, अशी विचारणा मला आजही होते.

आणि या पोरीबद्दल मी म्हणालो, "पोलीस उपनिरीक्षक, म्हणजेच फौजदार, या पदावर निवड." बस. पुढं काही नाही, मागं काही नाही.

त्या वेळी तिचा बाप हॉटेलातच बसलेला होता. थोडी कोरडवाहू जमीन असलेला, मुकाट माणूस. लोकांनी विचारलं, "म्हणजे?" हॉटेलवाल्यानं झारा वर धरला आणि मोजलं. फौजदाराच्या एक पायरी खाली हवालदार, दुसरी खाली शिपाई, बाईमाणूस म्हणून आणखी एक. "होमगार्ड," तो म्हणाला. बापानं बशीतला चहा संपवला, उपरणं झटकलं आणि घरी गेला.

आता कुणी म्हणेल, बाप असून पोरीवर विश्वास नाही? तर त्याला कारण मीच होतो. तोही आमचाच, पहिल्या वर्षापर्यंत होता. मागं एकदा मी त्याला हॉर्नवरून "प्रगतशील बागायतदार" म्हणालो होतो, तेव्हा त्याच्या रानात विहीरसुद्धा नव्हती. त्यामुळं हॉर्नचं वजन त्याला स्वतःच्या अनुभवावरून माहीत होतं. पोरीनं मोबाईलवर निकाल दाखवला. तो म्हणाला, याच मोबाईलवर तुझ्या चुलत्याला कार लागली होती. ट्रेनिंगचं बोलावणं उन्हाळ्यानंतर येणार होतं. तोवर त्याच्या हिशेबानं पोरगी होमगार्ड होती.

होमगार्ड असायला काही वाईट नाही. पण मधे आत्या होती.

आत्या पूर्णेला असते, रेल्वेच्या क्वार्टरमधे. नवरा रेल्वेत, मुलगाही रेल्वेत, रुळाच्या कामावर, कायम. मुलगा इतका गरीब की इंजिनानं शिट्टी मारली तरी "हो" म्हणतो. पोरीची अकरावी-बारावी आत्याकडंच झाली होती. तर दिवाळीत भाऊबीजेला आत्या भावाकडं आली, ओवाळलं, आणि भाऊ ताटात साडी ठेवायला लागला तर म्हणाली, साडी राहू दे, ओवाळणीत भाची दे. आमच्याकडं आत्यानं भाची सून म्हणून मागितली तर नाही म्हणायचा रिवाज नाही. आई म्हणाली, तिची परीक्षा हाय की फौजदाराची. तेव्हा आत्यानं सगळ्यांदेखत शब्द दिला: फौजदार झाली तर मी हक्क सोडते, ट्रेनिंगला जाऊ दे खुशाल. न्हाई झाली तर उन्हाळ्यात हळद. आणि पोरीनं मान हलवली, म्हणजे हो का नाही ते कुणालाच कळलं नाही.

झेंड्याच्या संध्याकाळी बापानं बहिणीला फोन करून सांगितलं, आक्का, होमगार्ड झाली. आत्या म्हणाली, बरं झालं, मांडवाचं बघ.

म्हणून पोरगी स्टाफरूमच्या दारात ओरडत होती.

ओरडून झाल्यावर तिनं मागणी केली, आणि मागणी तिच्या बुद्धीला शोभणारी होती. पंधरवड्यात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. पुन्हा हॉर्न, पुन्हा मी. ती बोटं मोजत म्हणाली, "बाजार सहायक-बिहायक मोजत न्हाई. फौजदाराच्या वर इन्स्पेक्टर, त्याच्या वर डीवायएसपी, त्याच्या वर एसपी. मला एसपी करा सर. तीन पायऱ्या उतरल्या की बरोबर फौजदार येते."

गणित अचूक होतं. कला शाखेत असं गणित मी पाहिलं नव्हतं. पण मी म्हणालो, प्राचार्यबाई बटनावर बोट ठेवून असतात, तेव्हा त्यापेक्षा मीच पूर्णेला जाऊन आत्याला समजावतो. माझ्या बोलण्यापुढं कोण टिकलंय? पोरगी म्हणाली, मी बी येते. आणि आली, पण पूर्णेच्या फलाटावर उतरली, बाकावर बसली आणि तिथून हलेना. म्हणाली, तुमी जा, मी गाड्या बघते.

आत्यानं मला पाणी दिलं, चहा टाकला. ठेंगणी बाई, आवाज बारीक, नजर अशी की समोरच्याला आपल्या शर्टाची बटनं तपासावीशी वाटतात. मी सांगितलं, तुमची भाची फौजदार झालीय. ती म्हणाली, हो का. मी म्हणालो, खरंच. ती हां म्हणाली. मी देवाची शपथ घेतली, तर तिच्या डोळ्यांत फौजदाराचा हवालदार झालेला मला स्पष्ट दिसला. आईची शपथ घेतली, शिपाई झाला. शेवटी काही हाताशी नव्हतं म्हणून चहाच्या कपावर हात ठेवून शपथ घेतली, तेव्हा होमगार्डही राहिला नाही. खरं बोलताना माणसाचे इतके हाल होतात याची मला कल्पना नव्हती. मी म्हणालो, नाशिकला ट्रेनिंग आहे तिचं.

"नाशिकला आमच्या शेजारच्या बी दोघी गेल्यात," आत्या म्हणाली. "द्राक्षं तोडायला."

मग तिनं कप उचलून नेले आणि आतून विचारलं, "ती का न्हाई आली?"

"तिला ताप आहे," मी म्हणालो. "चांगला एकशेचार. डोळे उघडेना."

"म्हणजे इस्टेशनात बसलीय," आत्या म्हणाली.

या बाईला माझा भाव बाजारापेक्षा नेमका माहीत होता. निघताना तिनं एका डब्यात धपाटे घातले, वर शेंगदाण्याची चटणी घातली आणि डबा माझ्या हातात दिला. तापात भूक लय लागती तिला, म्हणाली. तिच्या आवाजात काहीच नव्हतं, ना राग ना थट्टा. दाराबाहेरच्या ओट्याच्या कोपऱ्यात पोरीची जुनी चप्पल ठेवलेली होती, पळायची, टाचा झिजलेली. सकाळी अंधारात उठवून हिनंच तिला रुळाच्या कडेनं पळायला पाठवलं होतं दोन वर्षं, हे मला पोरीनं येताना गाडीत सांगितलं होतं.

फलाटावर पोरीनं डबा उघडला, धपाट्याचा घास घेतला आणि रडायला लागली. रडत रडत सगळे खाल्ले. मला एकही दिला नाही. मी म्हणालो, इथून दोन मिनिटांवर घर आहे. तूच जाऊन सांग की.

"मी?" ती म्हणाली. "आत्याला?"

"फौजदार झालीस ना?"

"ती चोरांसाठी झाले."

परतीच्या गाडीत मी तिला शब्द दिला: एसपी. तीन पायऱ्या वर, एकही जास्त नाही.

मेळाव्याच्या दिवशी मांडव भरला. तो वाऱ्यानं भरला होता, पण माणसंही होती. पुण्याहून आलेल्यांनी गॉगल लावले होते, परभणीहून आलेल्यांनी ते बघायला गर्दी केली होती. स्टेजवर प्राचार्यबाई, त्यांच्याशेजारी समितीचे दोन पाहुणे, आणि सत्काराला बसवलेली पोरगी. बायकांच्या बाजूला पहिल्याच रांगेत आत्या, मांडीवर पिशवी. बाप मांडवात आलाच नाही. तो हॉटेलात बसला, कारण हॉर्न तिथं जास्त चांगला ऐकू येतो आणि त्याला हिशेब लागणार होता.

सुरुवातीला मी वस्तुनिष्ठ राहिलो. चारदोन वॉचमन, एक ग्रामसेवक, एक अंगणवाडीताई. बाईंचा चेहरा समाधानी झाला. पाहुण्यांनी त्यांना काहीतरी विचारलं, त्यांचं बोट बटनावरून हटलं, आणि मी श्वास घेतला.

"आणि आता," मी म्हणालो, "आपल्या मातीतली कन्या, पोलीस अधीक्षक, म्हणजेच एसपी!"

टाळ्या पडल्या. इथं थांबायचं ठरलं होतं. पण ज्यांनी कधी भरल्या मांडवात माईक हातात धरला आहे त्यांना विचारा, टाळ्या पडत असताना थांबणं म्हणजे उतारावर बैलगाडी थांबवणं. शिवाय पंधरवडाभर वस्तुनिष्ठ राहून माझ्या आत किती साठलं होतं. "एसपीच नव्हे," मी म्हणालो, "तर डीआयजी." आणखी टाळ्या. "डीआयजीच काय, मी आज या ठिकाणी सांगतो, राज्याचं पोलीस महासंचालकपद हिच्यासाठी राखून ठेवलेलं आहे, केवळ वयाचा प्रश्न आहे."

प्राचार्यबाई उठल्या. समितीतले एक पाहुणे पुढं झुकून पोरीकडं नीट बघायला लागले.

तिकडं हॉटेलात काय झालं ते मला नंतर कळलं. महासंचालकाच्या खाली पायऱ्या कोणत्या, हे कुणालाच माहीत नव्हतं. हॉटेलवाल्यानं बोटं मोजली, दुसऱ्यांची मोजली, आणि मग भट्टी बारीक केली. सर इतके वर कधीच गेले नव्हते, तो म्हणाला. इतके वर गेले म्हणजे खाली काहीच न्हाई. पोरगी नापास झाली. आणि बाप उठून उभा राहिला, पण जायचं कुठं ते त्याला सुचेना, म्हणून तसाच उभा राहिला.

इकडं मांडवात आत्यानं मांडीवरची पिशवी खांद्याला लावली आणि तीही उठली.

पोरीनं ते पाहिलं. मी अजून बोलतच होतो, बहुधा दिल्लीपर्यंत आलो होतो. तिनं माझ्या हातातून माईक घेतला. घेतला म्हणजे काढून घेतला. फौजदारकीच्या मैदानी परीक्षेत काय तपासतात ते मला मनगटात कळलं.

"सर काय बी बोलायलेत," ती म्हणाली. हॉर्नवर तिचा आवाज वेगळाच आला, कोरडा, घाई नसलेला. "मी फौजदार झाले. फकस्त फौजदार."

आत्या वाटेत उभी होती, पाठमोरी.

"आत्या, मला दादासंगं लग्न करायचं न्हाई. दोन वर्षं त्याच्या ताटाशेजारी जेवले, त्याला दादाच म्हणत आले. मला ट्रेनिंगला जायचंय. तुझी भाकरी खाल्लीय मी, तुझ्यासमोर न्हाई म्हणायला मला तोंड न्हाई. म्हणून हॉर्नवर सांगायले."

मागच्या रुळावरून गाडी आली. आमच्याकडं गाडी जाईपर्यंत बोलणं थांबतं, तसं सगळं थांबलं. डबे मोजत बसल्यासारखे सगळे बसले होते. गाडी गेली. आत्या वळली, परत आपल्या खुर्चीशी आली, खुर्चीवर कुणाचं पोरगं बसलं होतं त्याला उठवलं, आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली. पोरीला शाल दिली गेली तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. पिशवीतून डबा काढून झाकण घट्ट आहे का ते बघितलं.

हॉटेलात कुणीतरी सवयीनं विचारलं होतं, "म्हणजे?" हॉटेलवाल्यानं झारा कढईवर टेकवला आणि म्हणाला, म्हणजे काय? पोरगी म्हणली तेच. बाप तिथून पळत मांडवात आला. आमच्या गावात त्या माणसाला पळताना त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं; त्याचं एक पायताण अजून चौकात आहे म्हणतात.

जेवणाच्या पंगतीत सगळा निकाल लागला. आत्यानं भावाला पानावर बोलावून सांगितलं, हिला जाऊ दे नाशिकला. माझी ओवाळणी राहिली, पुढच्या भाऊबीजेला शेळी दे, गाभण दे. भाऊ म्हणाला, आक्का, दोन देतो. आत्या म्हणाली, एक दे, पण सरांसारखी नको, लय ओरडतात. मग तिनं डबा पोरीपुढं सरकवला. पोरीनं मान खाली घालून झाकण उघडलं.

प्राचार्यबाईंनी त्याच दिवशी वार्तेचा नवा नियम केला: ज्याची वार्ता त्यानंच हॉर्नवर येऊन सांगायची. तेव्हापासून माझ्याकडं फक्त "हॅलो, माईक टेस्टिंग" राहिलं आहे. तेही मी तीन भाषांत करतो, पण त्यात पूर्वीची गंमत नाही. बाजारालाही उतरवायला काही उरलं नाही, त्यामुळं हॉटेलवाल्यानं वेळ घालवायला मिसळ सुरू केली.

मला एक गोष्ट मात्र खुपत होती. हात धुवायच्या नळाजवळ मी आत्याला गाठलं. म्हणालो, आत्याबाई, मी पूर्णेला तुमच्या घरी येऊन हेच सांगितलं होतं. शब्दन् शब्द खरा होता. देवाच्या, आईच्या, चहाच्या शपथा घेतल्या. तेव्हाच मानलं असतं तर एवढा तमाशा झाला असता का?

आत्यानं नळ बंद केला आणि पदराला हात पुसले.

"ते तुमी सांगितलं होतं, सर," ती म्हणाली. "तिनं न्हाई."